माझ्या समक्ष

डॉक्टर शिखानं खालच्या डाव्या दाढेपाशी सुई टोचली, "दस मिनट बैठिए दीदी, सुन्न होने दीजिए" म्हणाली आणि पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेली, आणि नेमका तेव्हाच पोटावर ठेवलेला फोन थरथरला. सहा आकडे. ई-सहीसाठी तुमचा ओटीपी, दहा मिनिटं चालेल, कोणालाही सांगू नका. हे कोणालाही सांगू नका मी कोरोनापासून रोज वाचते आणि रोज सांगते. दिवसातून चारदा, कधी दहादा. भाजी घेताना सांगितलाय. राजवाड्याच्या गर्दीत ऑटोतून डोकं बाहेर काढून, भोंग्यांच्या वर आवाज चढवून सांगितलाय. वडिलांच्या पुण्यानुमोदनाला भंतेजींची वंदना चालू असताना मागच्या खोलीत जाऊन कुजबुजत सांगितलाय, आणि परत येऊन हात जोडून बसलेय. लगेच ऋषभचा फोन आला. ऋषभ आमच्या चेंबरचा ज्युनियर, कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. "दीदी, ओटीपी आया होगा, बोलो." मी बोलायला गेले तर जीभ जागच्या जागी लोळली, अर्धा ओठ माझा राहिलाच नव्हता. नुसता हवेचा आवाज निघाला. "आवाज कट रही है, व्हॉट्सअॅप कर दो ना," म्हणून त्यानं फोन ठेवला. मी आकडे लिहायला बोट उचललं आणि लिहिलं, कशाचा आहे. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्या मनात तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. तीन रात्री झोप नव्हती, दाढ ठणकत होती, आणि कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागतंय याचीच चीड आली होती. दुखणाऱ्या माणसाची चीड, बस. त्याचं उत्तर आलं, "गयाबाई वाला. सहमति का शपथपत्र. कल ग्यारह बजे लगा है, आज ही डालना है." आणि मी ते पुन्हा एकदा वाचलं.

कारण गयाबाईनं सहमती दिलेली नाही. हे मला ठाऊक होतं, जगात कोणाला नसेल तेवढं ठाऊक होतं, कारण परवाच ती माझ्याशी फोनवर बोलली होती. गयाबाई आमची पक्षकार. मुलींच्या हॉस्टेलात तीस वर्षं आया होती, आता अडुसष्टची, इथंच अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहते. तिची लेक वारली तेव्हा नात तीन वर्षांची होती, धम्मदीना. आता नऊची आहे. बाप स्वप्निल भोपाळला निघून गेला, दुसरं लग्न केलं, सहा वर्षं वाढदिवसाला फोनवर केकचं चित्र पाठवत राहिला, आणि या वर्षी त्याला मुलगी हवीशी झाली. हवी म्हणून अर्ज लावला. माणूस वाईट नाही, मी कोर्टात बघितलाय त्याला, इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत खडूंची पेटी, आणि ती पेटी कोणाला द्यायची ते न सुचून तासभर मांडीवर धरून बसलेला. पण पोर त्याला ओळखतच नाही. ती गयाबाईच्या पदरामागून त्याच्या बुटांकडे बघत होती. परवा गयाबाई म्हणाली, "पोरी, तुमचे सर म्हणतात देऊन टाक. मी म्हटलं, मी मेल्यावर न्या म्हणावं. तोवर ती इथंच झोपेल, माझ्या पाठीला पाय लावून." मी म्हटलं, बरं, सरांना सांगते. आणि सांगितलं नाही. मुद्दाम नाही, राहून गेलं. दोन जामीन होते, एक तारीख होती, मग ही दाढ. राहून गेलं हे आमच्या धंद्यात फार सोयीचं क्रियापद आहे.

मी लिहिलं, पीडीएफ भेज. तीन टिंबं आली, गेली, पुन्हा आली. मग त्यानं लिहिलं, "आप पढ़ोगी??" दोन प्रश्नचिन्हं. बिचाऱ्याचा दोष नाही. चार वर्षांत त्यानं मला एक शपथपत्र वाचताना पाहिलं नसेल. त्याच्या लेखी वाचणं हे माझं कामच नव्हतं, माझं काम आकडे सांगणं. आणि मला त्याचा अभिमान होता, हे आज या खुर्चीत पाय वर करून, डोळ्यांत तो पांढरा दिवा घेऊन पडल्यावर आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर पंच्याहत्तरीचे. श्रीपादजी म्हटलं की कोर्टात अजून बाकावरचे वकील उठून उभे राहतात. त्यांचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, वडील न्यायखात्यात होते, आणि त्यांना कॉम्प्युटरचा माउस उजव्या हातात धरायचा की डाव्या हे आजही माहीत नाही. कोरोनात सगळं ऑनलाइन झालं तेव्हा सर म्हणाले, "हे आपल्याच्यानं होणार नाही, नंदिनी, आता चेंबर तुझ्या हातात." मी घरी येऊन आईला सांगितलं होतं. चेंबर माझ्या हातात आहे म्हणून. आईनं खीर केली होती. अरे देवा.

पीडीएफ आली. तीन पानं, हिंदीत. चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं की मी वृद्ध एवं अस्वस्थ हूँ, न्यायालय में उपस्थित होने में असमर्थ हूँ. पाचव्यात, अपनी नातिन धम्मदीना को उसके पिता को सौंपने हेतु बिना किसी दबाव के सहमत हूँ. खाली नोटरी दिनानाथजींचा गोल शिक्का, जो शिक्का त्यांचा पोरगा मारतो, ते स्वतः तेव्हा कँटीनमध्ये असतात. त्याखाली गयाबाईची सही. आणि सहीखाली, जिथं मला ई-सही करायची होती तिथं, छापील ओळ: शपथकर्ता को मैं व्यक्तिगत रूप से जानती हूँ, उसने मेरे समक्ष हस्ताक्षर किए हैं. मी सही बोटांनी मोठी करून बघितली. गयाबाईची सही म्हणजे पूर्ण नाव, गोल गोल अक्षरं. पन्नाशीत शिकली ती, हॉस्टेलातल्या मुलींनीच शिकवली, आणि अंगठ्याचं नाव काढलं तरी चिडते. या सहीतला 'या' दोनदा गिरवलेला होता. तो मी ओळखला. आमच्या चेंबरची रीत आहे की पक्षकार पहिल्यांदा आला की पाच कोऱ्या कागदांवर सह्या घ्यायच्या, म्हणजे पुढं त्याला हेलपाटे नकोत. सगळेच घेतात, कोर्टात कोणीही हसेल याला गुन्हा म्हटलं तर. गयाबाईच्या पाच सह्या मीच घेतल्या. चौथ्या कागदावर पेन मध्येच आटलं, मी माझं दिलं, तिनं 'या' पुन्हा गिरवला, जीभ दातात धरून, आणि म्हणाली, "हा बिघडला का गं? दुसरा देऊ?" मी म्हटलं, नाही मावशी, चालतो. तो कागद आता स्कॅन होऊन, आजूबाजूचा पांढरा भाग कापून, या शपथपत्रावर येऊन बसला होता. चालला खरा.

माझ्या समक्ष. म्हणजे सही माझ्या समक्ष झालीच की, हेही तेवढ्यात डोक्यात येऊन गेलं, वकिलाचं डोकं आहे शेवटी, त्याला फट दिसली की आत बोट घालतं. सही माझ्या समक्ष झाली, फक्त तेव्हा कागद कोरा होता. मला माझीच किळस आली. जबडा आता कानापर्यंत बधिर झाला होता, मी गालाला हात लावला तर दुसऱ्याच कोणाच्या तरी गालाला लावल्यासारखं वाटलं, आणि फोन वाजला. सर. स्वतः. सरांचा फोन मी पहिल्या घंटीला उचलते, उचलला.

"अगं नंदिनी, किती वेळ? पोर्टल मग बंद पडतं. ऋषभ म्हणतो, तुला वाचायचंय. काय वाचायचंय? मी वाचलंय ना." मी बोलू शकत नव्हते. सरांना ते माहीत नव्हतं, आणि माझ्या न बोलण्याची त्यांना इतकी सवय की फरकही पडला नाही. ते बोलत राहिले. "हे बघ, बाईला विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून तर विचारलं नाही. अडुसष्टची बाई, उद्या काही बरंवाईट झालं तर पोरगी कुठे जाईल, तू सांभाळणार का? बाप आहे तो तिचा. आणि त्याचे नवे सासरे आपल्या सकाळच्या फिरण्यातले, भला माणूस, मी शब्द दिलाय. आजारी लिहिलंय म्हणजे उद्या बाईला यायलाही नको. त्रास वाचला तिचा. ऐकतेस ना?" मी म्हटलं, हं. कशी सवय बघा. अर्धं तोंड मेलेलं, जीभ जड, आणि हा हं मात्र सुखरूप बाहेर आला. एकवीस वर्षं माझा हा हं त्या चेंबरमध्ये राबतोय. "शाब्बास," सर म्हणाले, "मी उगाच नाही तुला मुलीसारखं मानत. पाठव," आणि ठेवला.

मुलीसारखं. मी महूहून बस बदलून यायची, एलएलबी नुकतं झालं होतं, काळा कोट मापाला मोठा. दोन वकिलांनी माझं आडनाव विचारलं आणि मग म्हणाले, सध्या जागा नाही. सरांनी आडनाव विचारलंच नाही. तेवढ्यावर मी त्यांना देवमाणूस मानलं, त्यांच्या घरच्या गणपतीला मोदकाची ताटं उचलली, त्यांच्या मोतीबिंदूला रजा काढून दवाखान्यात बसले. पुष्कळ वर्षांनी कळलं की आडनाव त्यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की दोन दारांवरून परत आलेली मुलगी उलटून बोलत नसते. मी हे कळूनही गिळलं. कृतज्ञता होती, अजून आहे, तीच तर पंचाईत आहे; माणूस नुसता दुष्ट असता तर काम किती सोपं होतं. सर कोर्टात उभे राहिले की अजून अंगावर काटा येतो माझ्या. उलटतपास मी त्यांच्याकडूनच शिकले. साक्षीदाराला घाई करू नकोस, त्याला बोलू दे, हे त्यांनीच सांगितलं मला.

आणि बाबा. हे वाचून कोणाला वाटेल की आता फौजी बापाची आठवण येणार आणि मला बळ मिळणार. काही नाही. बाबा, हवालदार बाबूराव, महूच्या स्टोअरमध्ये होते, आणि समोर येईल त्या कागदावर सही करायचे. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, तुम्ही वाचत का नाही? ते म्हणाले, "फौज में पूछके साइन नहीं करते, बेटा." पण माझी सही मात्र त्यांनी घोटून घेतली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, महिनेच्या महिने, रविवारी सकाळी. "अशी कर की दुसऱ्या कोणाला जमता कामा नये." मी न-चा पाय खाली ओढून मागे वळवायची, अजून तशीच करते, बँकेत. कोर्टात ती सही पाच वर्षांत कोणी बघितलेली नाही. तिथं माझी सही म्हणजे ऋषभच्या स्क्रीनवरचा एक हिरवा चौकोन, त्यात माझं नाव, तारीख, वेळ, सेकंदासकट. मग एकदम लक्षात आलं, आणि इतकं साधं होतं ते की मी खुर्चीतून उठूनच बसले, गळ्याभोवतीचा निळा कागद फाटला. पाच वर्षांत एकाही शपथपत्रावर सरांचं नाव ओळखणारा म्हणून नाही. एकाही नाही. सगळीकडे मी. युक्तिवाद सरांचा, नाव सरांचं, शब्द दिला तो सरांनी. आणि 'माझ्या समक्ष' म्हणणारी मी. उद्या कोणी विचारलं तर सर चष्मा काढून म्हणतील, अरेरे, नंदिनीनं असं करायला नको होतं. आणि ते खोटंही बोलत नसतील. चेंबर माझ्या हातात होतं ना! खीर खाल्ली होती मी!

डोक्यात तिडीक गेली. अशी की दाढ विसरले. ही चीड आता दुखण्याची नव्हती, वेगळी होती, स्वच्छ होती, तिच्यात मला बरं वाटत होतं हेही कबूल करते. फोन पुन्हा थरथरला, पहिला ओटीपी मेला होता, ऋषभनं दुसरा मागवला होता. सहा नवे आकडे. खाली त्याचा मेसेज, "दीदी प्लीज, सर सर पे खड़े हैं." मी ते आकडे बघत राहिले. एवढंच करायचं होतं, सहा वेळा बोट टेकवायचं होतं, आणि आज गयाबाई स्वयंपाक करत असताना, नात गृहपाठ करत असताना, त्यांच्यातली एक जण कागदावर दुसऱ्याची होऊन जाणार होती. मी लिहिलं, नहीं दूँगी. लिहिलं आणि पाठवलं. मग वाटलं एवढ्यानं काय होतंय, सर दुसऱ्या कोणाचा तरी आधार नंबर लावतील, कोर्टात आकडे सांगणारे काय कमी आहेत, अर्ध्या तासात कागद चढेल. नाही म्हणणं म्हणजे फक्त माझे हात स्वच्छ. गयाबाईला त्याचा काय उपयोग, माझ्या हातांचा?

डॉक्टर शिखा पडदा सारून आली. "चलिए, हो गया सुन्न?" मी उठून चपला शोधत होते. तिनं विचारलं कुठं निघालात, मी हातानंच दाखवलं, कोर्ट. "अरे, दाँत तो वैसा का वैसा है! दो घंटे में दवा उतरेगी, फिर रोओगी आप." रडू दे, मी म्हणाले, बहुधा म्हणाले, तिला काय ऐकू आलं कोण जाणे. गालाला रुमाल लावून खाली आले, ऑटो केला. ऑटोवाल्या भियानं आरशात बघून विचारलं, "झगड़ा हो गया क्या दीदी?" मी मान हलवली, हो. त्याला आनंद झाला.

कोर्टाच्या ई-सेवा खिडकीवर इंदिरा म्हणून एक ऑपरेटर बसते, तिथं वकिलांना स्वतःच्या लॉगिननं कागद चढवता येतो. चार वाजून गेले होते. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून अर्ज टाइप केला, हिंदीत, स्वतः, दोन बोटांनी. पहिला परिच्छेद सोपा गेला: प्रकरणात गयाबाईच्या नावानं सहमतीचं शपथपत्र दाखल झालं असेल किंवा पुढं झालं तर, ती सही तिनं कोऱ्या कागदावर केलेली आहे, मजकूर तिला वाचून दाखवलेला नाही, ती आजारी नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती सहमत नाही, तिला प्रत्यक्ष बोलावून विचारावं. मग मी थांबले. हा अर्ज करणाऱ्या वकिलाला तुम्हाला हे कसं ठाऊक, असं कोणीही विचारेल. सरच विचारतील, उलटतपास त्यांचाच ना. सही घेतली कोणी? तुम्ही. याआधी अशा किती ओळखल्या? तेव्हा मी अडखळले की पहिला परिच्छेद खोटा ठरेल, आणि पोरगी भोपाळला. म्हणून दुसरा लिहिला. की कोऱ्या कागदावरची ही सही मी स्वतः घेतली. की गेल्या पाच वर्षांत माझ्या ई-सहीनं दाखल झालेली शपथपत्रं मी न वाचता, शपथकर्त्याला समोर न बघता ओळखली आहेत, ती किती ते मला सांगता येणार नाही, आणि याबद्दल जी चौकशी होईल तिला मी हजर राहीन. सनद जाऊ शकते माझी. सेहेचाळीसाव्या वर्षी, एकटी आई घरी असताना, दुसरं काही येत नसताना. पण बाई गं, वाक्य लिहून झालं आणि इतका मोकळा श्वास आला मला, की मी तिथंच मोठ्यांदा हसले, वाकड्या तोंडानं, आणि लाळ गळली रुमालावर.

इंदिरानं छाननीसाठी स्क्रीनवर वाचलं. तिनं वाचलं, हे मला फार आवडलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, दूसरा पैरा रखना है क्या? इसमें तो आप खुद फँस रही हो."

"रख," मी म्हणाले.

"पक्का?"

"पक्का रख."

मी आकडे टाकले, कोणाला न सांगता. हिरवा चौकोन आला, माझं नाव, सोळा वाजून बावन्न मिनिटं. बाहेर येऊन जिन्यावर बसले तेव्हा सरांचे पाच मिस्ड कॉल होते आणि एक मेसेज, मराठीत, त्यांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टाइप केलेला: चेंबरची चावी ऋषभकडे दे. बस, तेवढंच. एकवीस वर्षं. डोळे भरून आले, राग आला, पुन्हा भरून आले. मग डोळे पुसले आणि गयाबाईला फोन लावला. अर्धं तोंड अजून परकंच होतं, तिला दोनदा सांगावं लागलं मी कोण ते.

"मावशी, उद्या अकराला कोर्टात यायचं. दीनालाही आणा. सर काही म्हणाले, कोणीही काही म्हणालं, तरी यायचं."

"येते की. सही करायचीय का परत?"

"नाही. सही नाही करायची. कशावरच नाही, कोणी कागद पुढं केला तरी नाही. बोलायचंय. साहेबांसमोर उभं राहून, परवा मला सांगितलं तेच."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वर्ष होत आलं केसला. मला बोल असं कोणी म्हटलंच नव्हतं गं." आणि जरा थांबून, "तू असशील ना तिथं? वकील म्हणून?"

"वकील राहिले तर वकील म्हणून," मी म्हणाले. "नाहीतर तुमच्या शेजारी बसेन."

"मग मी बोलणार," गयाबाई म्हणाली, "आणि मला लवकर आटप म्हणायचं नाही."